काही नाही, ताई

इगतपुरीहून दहा दिवसांचं विपश्यना शिबिर करून परत आले, तेव्हा घरातले माझ्याकडे गॅस सिलिंडरकडे बघावं तसे बघत होते. भरलाय की रिकामा, हलवून बघायचं धाडस कुणी करेना.

मी मात्र खरोखरच शांत होते. तिथल्या धम्मगिरी केंद्रावर १९७६ पासून हजारो माणसं शांत होऊन गेली, त्यात आता माझी भर. पहाटे चारची घंटा, आर्य मौन, पहिले तीन दिवस नुसता नाकपुड्यांतून येणारा-जाणारा श्वास बघायचा आणि चौथ्या दिवसापासून अंगावरच्या संवेदना. खाज आली तर खाजवायचं नाही, बघायचं. अनिच्च, म्हणजे तीही जाणारच आहे. अधिष्ठानाच्या बैठकीत तासभर हात-पाय हलवायचे नाहीत, डोळे उघडायचे नाहीत. सातव्या दिवशी माझ्या उजव्या गुडघ्यात जे काही पेटलं, त्यात अनित्यतेचं एकही लक्षण दिसत नव्हतं. पण बैठक संपली आणि तेही गेलं. पाच शीलं तर मी डोळे मिटून पाळली. चौथं खोटं न बोलण्याचं. तिथे ते सगळ्यात सोपं, कारण बोलायचंच नसतं.

"दहा दिवसांत मला एकदाही राग आला नाही," मी सोसायटीतल्या चौघींना सांगितलं. पाचवीने विचारलं, "पण तुझ्याशी कुणी बोलत होतं का तिथे?" मी तिला मनातल्या मनात मेत्ता, म्हणजे मंगल मैत्री, दिली आणि विषय बदलला.

आमच्या मावशी साडेसातला येतात. मी नव्हते तेव्हा घरातले दोघे बाहेर जेवत होते, म्हणून त्यांनाही दहा दिवस सुट्टी दिली होती. सोमवारी त्या आठला आल्या.

"मावशी, आज उशीर?"

"काही नाही, ताई."

काही नाही म्हणजे? पाणी गेलं म्हणा, नातवाला ताप आला म्हणा, रिक्षा मिळाली नाही म्हणा. कारण मिळालं की माणसाला क्षमा करता येते, वर क्षमा केल्याचं समाधानही पदरात पडतं. 'काही नाही'ने दोन्ही बुडालं. माझ्या भुवया आपोआप जवळ आल्या. मी लगेच श्वास बघितला. तो बऱ्यापैकी जोरात चालला होता.

मंगळवारी साडेआठ. "मावशी, अहो घड्याळ बंद पडलंय का तुमचं?" "काही नाही, ताई." यावर मी जे चार शब्द बोलले, ते सम्यक वाचेत बसणारे नव्हते.

त्या रात्री मन निवळावं म्हणून मज्झिम निकायाचं, म्हणजे बुद्धांच्या उपदेशांच्या एका पाली संग्रहाचं, भाषांतर उघडलं. समोर आलं एकविसावं, ककचूपम सुत्त. ककच म्हणजे करवत. दरोडेखोरांनी करवतीने तुमचा एकेक अवयव कापला, तरी ज्याच्या मनात द्वेष येईल तो माझी शिकवण पाळत नाही, असं बुद्ध भिक्खूंना सांगतात. ते ठीक आहे, दरोडेखोर रोज येत नाहीत. पण त्याच सुत्तात वेदेहिकेची गोष्ट आहे. वेदेहिका श्रावस्तीची गृहिणी. सौम्य, नम्र, शांत अशी गावभर कीर्ती. तिच्या घरी काळी नावाची दासी, कामाला एकदम चोख. काळीला प्रश्न पडला, बाईंना राग खरंच येत नाही, की माझं काम नीट असतं म्हणून तो दिसत नाही? मग ती उशिरा उठली. "का गं, आज उशिरा?" "काही नाही, बाई."

मी पुस्तक मांडीवर आपटलं. काही नाही! अडीच हजार वर्षांपूर्वी!

त्या दिवशी वेदेहिकेच्या कपाळाला आठी पडली. काळी पुढच्या खेपेला आणखी उशिरा उठली, तेव्हा तोंडून वाकडे शब्द आले. तिसऱ्या खेपेला तिने दाराचा अडसर उचलून काळीच्या डोक्यात घातला. काळी रक्ताळलेल्या डोक्याने शेजारणींना सांगत सुटली, बघा आमच्या शांत बाईंची करणी. गंमत म्हणजे काळी उशिरा का उठली, म्हणून बुद्धांनी तिला एका शब्दाने टोकलेलं नाही. मी दोनदा शोधलं.

आठी सोमवारी झाली होती, वाकडे शब्द मंगळवारी. बुधवार उद्यावर आला होता. उठून दार बघून आले. आमच्या दाराला अडसर नाही, लॅच आहे. हायसं वाटलं.

झोपताना सयाजी ऊ बा खिन आठवले. आमच्या शिबिरांची परंपरा सुरू करणाऱ्या गोयंका गुरुजींचे हे गुरू स्वतंत्र बर्माचे पहिले अकाउंटंट जनरल. देशाचे हिशेब सांभाळून ते ध्यान शिकवत. मग मला एक सिंक सांभाळता येऊ नये? अर्थात त्यांच्याकडे भांडी कोण घासत होतं, हे कुठे वाचनात आलेलं नाही.

बुधवारी नऊ वाजले. पोळ्यांना मीच बसले होते. बेल वाजली, तशीच उठून दार उघडलं. मावशींनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या हाताकडे. हातात लाटणं होतं.

"अगं बाई! मारता का काय, ताई?"

"नाही हो, पोळ्या," मी लाटणं पाठीमागे घेत म्हटलं. त्याने ते जास्तच वाईट दिसलं.

मावशी आत आल्या, पदर खोचला आणि पहिल्यांदाच कारण बोलल्या. "तुम्ही नव्हता ना, तेव्हा सकाळची जरा झोप लागायला लागली. आता जागच येत नाही बघा. चुकलंच." नळ सोडला. "तिथं स्वैपाक कोण करतं, ताई?"

"सेवक असतात."

"आणि भांडी?"

"आपलं ताट आपण धुवायचं."

"एकच ताट?" मावशींचा हात थांबला. "आणि दहा दिवस कुणी हाक मारत नाही? घरचा फोन नाही?"

"नाही."

"पैसे किती घेतात?"

"काही नाही. शेवटी जमेल तेवढं दान द्यायचं."

मावशी बराच वेळ कढईकडे बघत राहिल्या. दहा दिवस मांडी घालून मला जे जमलं नव्हतं, ते त्यांच्या चेहऱ्यावर उभ्या उभ्या आलं.

"मला पण पाठवा की तिथं."

दहा दिवस. दिवसाला दोन वेळचे स्वैपाक, कुकर, कढई, दुधाचं पातेलं. हिशेब मनात आपोआप सुरू झाला, श्वास बघायचं सुचलंच नाही.

"इगतपुरीला थंडी फार असते हो, मावशी," मी म्हणाले.

बाहेर मे महिन्याचं ऊन मी म्हणत होतं.