फुगा, फ्रीज आणि बुटाचा ठसा

एक जुना संदेश पुन्हा फिरू लागलाय. 'माणूस चंद्रावर गेलाच नाही, पुरावा त्याच्या कपड्यांतच आहे' असं त्याचं म्हणणं. खाली स्पेससूटबद्दलचे पाच प्रश्न आणि शेवटी 'आहे का कुणाकडे उत्तर?' असं आव्हान. उत्तरं आहेत. त्यातला एक प्रश्न तर मला मनापासून आवडला, म्हणून तो शेवटी घेतो.

आधी सगळ्यात सोपा.

'संग्रहालयातल्या आर्मस्ट्राँगच्या सूटच्या बुटाला सपाट तळ आहे. मग चंद्रावरच्या ठशात आडव्या पट्ट्या कशा?'

कारण त्या बुटांवर आणखी एक बूट चढवलेला होता. चंद्राच्या पृष्ठभागावर चालण्यासाठीच बनवलेला, सिलिकॉन रबराच्या खाचेदार तळाचा. परत निघताना वजन कमी करायला हे वरचे बूट आणि प्राणवायू व गारवा पुरवणारे पाठीवरचे संच तिथेच टाकून आले. शिवाय तो जगप्रसिद्ध ठसा आर्मस्ट्राँगचा नाहीच, त्यांच्यासोबत चंद्रावर उतरलेल्या ऑल्ड्रिनचा आहे.

'प्रयोगशाळेतल्या निर्वात कक्षाला जाडजूड पोलादी भिंती लागतात. मग शिवलेलं कापड निर्वातात टिकेल कसं?'

इथे दाबाची दिशाच उलटी धरली आहे. निर्वात कक्षाच्या आत काही नसतं आणि बाहेरची हवा त्याला चेपत असते. स्पेससूटमध्ये दाब आतून बाहेर असतो. प्लास्टिकची रिकामी बाटली तोंडाला लावून आतली हवा ओढून बघा, लगेच चपटी होते. तीच बाटली सोड्याचा कितीतरी जास्त दाब आतून आरामात सोसते. चेपणारा दाब झेलायचा तर भिंत कडक हवी, ताणणारा दाब झेलायला मजबूत कापड पुरतं.

आणि हा दाब असतो तरी किती? अपोलोच्या, म्हणजे माणसाला चंद्रावर नेणाऱ्या अमेरिकी मोहिमांच्या, सूटमध्ये समुद्रसपाटीच्या हवेच्या दाबाच्या साधारण एक चतुर्थांश. नियमाप्रमाणे भरलेल्या फुटबॉलमध्ये त्याच्या दुपटीहून जास्त असतो. रचनाही फुटबॉलसारखीच: आत हवा धरणारी रबरी पिशवी, बाहेर ताण झेलणारं शिवलेलं आवरण. एवढ्या कमी दाबात श्वास कसा घेता येतो? सूटमध्ये शुद्ध प्राणवायू असतो म्हणून. आपल्या नेहमीच्या हवेत प्राणवायूचा वाटा जेमतेम २१ टक्के. उरलेला नायट्रोजन वगळला की एक चतुर्थांश दाबातही फुप्फुसांना प्राणवायू कमी पडत नाही.

पुढचे दोन प्रश्न एकत्रच घ्यायला हवेत, कारण ते एकमेकांना खोटं पाडतात.

'अवकाशात उणे २७० अंश तापमान असतं, माणूस क्षणात गोठेल.' 'चंद्रावर १२० अंश तापमान असतं, उष्णता सोडायला हवा नाही, मग सूटमधला एसी चालेलच कसा?'

एकाच संदेशात माणूस गोठतोही आणि भाजतोही! असो.

गोठण्याची भीती फोल आहे, कारण उष्णता पळवून न्यायला भोवती हवा किंवा पाणी लागतं. निर्वातात दोन्ही नाही. थर्मासच्या दोन भिंतींमधली हवा काढून टाकतात ती याचसाठी. किरणांच्या रूपाने जी थोडी उष्णता जाते ती अडवायला सूटमध्ये ॲल्युमिनियमचा मुलामा दिलेल्या पातळ पडद्यांचे थरावर थर असतात. तेच पडदे बाहेरचं ऊनही थोपवतात. १२० अंश हा आकडा तर चंद्रावरच्या भर दुपारच्या जमिनीचा. अपोलोची यानं तिथल्या सकाळी उतरली. गार धातूला हात लागतो तिथे मात्र थंडीचा त्रास खरा आहे, म्हणून अवकाश स्थानकावरच्या हातमोज्यांत बोटांच्या टोकांना हीटर बसवलेले असतात.

खरी अडचण आतल्या माणसाची. राबणारं शरीर सहज ३०० वॉट उष्णता टाकतं आणि या थर्मासमधून ती बाहेर पडत नाही. जून १९६६ मध्ये जेमिनी ९ या अमेरिकी यानातून बाहेर पडलेल्या यूजीन सर्नन यांनी हे भोगलं. त्यांच्या सूटमध्ये गारव्यासाठी फक्त खेळता प्राणवायू होता. ते घामाने निथळले, हेल्मेटची काच आतून धुरकट झाली, समोरचं दिसेना, आणि ठरलेलं काम अर्धवट सोडून आत यावं लागलं.

अपोलोच्या अंतर्वस्त्रात म्हणून सुमारे ९० मीटर बारीक नळ्या विणल्या होत्या, त्यांतून गार पाणी फिरे. शरीराची उष्णता घेतलेलं हे पाणी पाठीवरच्या संचात जाई. तिथे निकेलची एक सच्छिद्र पट्टी. तिच्या छिद्रांतून वेगळ्या टाकीतलं पाणी बाहेर झिरपे, निर्वात लागताच गोठे, आणि त्या बर्फाची थेट वाफ होऊन उडून जाई. एक किलो बर्फ असं उडताना सुमारे २,८०० किलोज्यूल उष्णता घेऊन जातो. ३०० वॉटच्या हिशेबाने जवळपास अडीच तासांची सोय झाली. अपोलो ११ च्या संचात असं साधारण चार किलो पाणी होतं. म्हणजे उष्णता सोडायला हवा लागतच नव्हती. उलट भोवती हवा असती तर ही युक्ती बंद पडली असती.

आता तो चांगला प्रश्न.

'निर्वातात सूट फुग्यासारखा टम्म फुगेल, मग हातपाय हलतील कसे?'

फुगतो. अगदी खरं आहे. १८ मार्च १९६५ रोजी सोव्हिएत अंतराळवीर अलेक्सेई लिओनोव्ह यानाबाहेर तरंगणारे पहिले माणूस ठरले, जेमतेम १२ मिनिटं. तेवढ्यात सूट इतका फुगला, की हात मोज्यांतून आणि पाय बुटांतून मागे सरकले, आणि परत आत शिरता येईना. शेवटी झडप उघडून सूटमधला दाब उतरवला तेव्हा कुठे आत जाता आलं. दाब असा कमी करणं म्हणजे रक्तात नायट्रोजनचे बुडबुडे होण्याचा धोका.

कोपर वाकवलं की बाहीतली जागा कमी होते, वायू दाबला जातो आणि तो हात पुन्हा सरळ करू बघतो. प्रत्येक हालचाल जणू स्प्रिंगशी कुस्ती. यावर तोड म्हणजे वाकवलं तरी आतली जागा तेवढीच राहील असा सांधा. अपोलोच्या सूटमध्ये खांदा, कोपर, गुडघा अशा ठिकाणी पेटीच्या भात्यासारख्या रबरी घड्या होत्या. एका बाजूच्या घड्या मिटल्या की दुसऱ्या बाजूच्या उघडत. भाता लांबीत ताणला जाऊ नये म्हणून बाजूंनी तारा. हे सूट स्त्रियांची अंतर्वस्त्रं बनवणाऱ्या कंपनीने शिवले. मला यात नवल वाटत नाही. अंगाला घट्ट बसूनही हालचाल करू देणारं काही शिवायचं, तर तो हात दुसऱ्या कुणाला असणार?

पंजाचा प्रश्न मात्र आजही पुरता सुटलेला नाही. एवढ्याशा जागेत इतके सांधे बसवणं अवघड. तळवा फुगून गोल होऊ नये म्हणून मोज्याच्या तळहातावर आडवी पट्टी आवळलेली असते. तरीही मूठ वळायची म्हणजे दर वेळी चेंडू दाबावा तसं. सहा-सात तास ते केल्यावर काही अंतराळवीरांची नखं सुटून येतात.