ऑनलाइन इंग्रजी: तास आखणाऱ्यांसाठी काही मोलाच्या सूचना

विद्यापीठातल्या पोरांसाठी ऑनलाइन इंग्रजीचा तास आखताय ना सर? मग आधी वेळ पक्की करा. सकाळी सातची. त्या वेळी मंगळवेढ्याकडचं पोरगं डेअरीला दूध घालत असतं आणि सोलापुरातली पोरगी काही दिवसांनी आलेलं नळाचं पाणी भरत असते. दोघंही गैरहजर लागले की ‘आजकालच्या पोरांना शिकायचंच नाही’ म्हणायला तुम्ही मोकळे.

कॅमेरा सक्तीचा करा. एका खोलीच्या घरात मागं आई विड्या वळत बसलेली असली की पोरगी इंग्रजी बोलायला कशी उत्साहानं पुढं येते, ते बघाच.

आता मुख्य काम. आपल्याला भाषाच येत नाहीत, हे पोरांना पटवायचं. सोलापुरात हे जरा जड जातं. पूर्व भागातलं पोरगं आजीशी तेलुगूत बोलतं, शाळा मराठीत शिकलेलं असतं, अक्कलकोटच्या मित्राशी कन्नडमध्ये निभावून नेतं आणि कट्ट्यावर ‘काय बे’ म्हणत दखनी हिंदीत भांडतं. हे सगळं व्याकरणाच्या पुस्तकाशिवाय! अशा पोराला पहिल्याच तासाला ‘युअर इंग्लिश इज व्हेरी वीक’ ऐकवा. काम फत्ते.

कुणी डॉ. कोटणीसांचं नाव काढलं तर घाईनं हजेरी घ्यायला लागा. सोलापुरात 1910 साली जन्मलेला हा माणूस 1938 मध्ये चीनला गेला, जखमींवर उपचार करता करता चिनी शिकला. पीपीटी नाही, गुगल फॉर्म नाही. भाषा समोरच्या माणसाशी बोलण्यासाठी शिकतात, असा गैरसमज पोरांत पसरायला एवढं पुरतं.

डेसी आणि रायन हे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ सांगतात की आतून उमेद यायला तीन गोष्टी लागतात: स्वतः ठरवायची मुभा, आपल्याला जमतंय ही जाणीव आणि माणसांची सोबत. यादी चांगली आहे, काय काय काढून टाकायचं ते नेमकं कळतं. निबंधाचा विषय तुम्हीच द्या, ‘अ व्हिजिट टू अ हिल स्टेशन’. पोरगं ‘आय वेंट’ऐवजी ‘आय गोड’ म्हणालं की पुढचा शब्द निघायच्या आत तोडा. चॅट बंद ठेवा. ब्रेकआउट रूमचं बटण कुठं आहे ते शोधूच नका, तिथं पोरं चार-चारच्या घोळक्यात खरंच बोलतात म्हणे.

आणि हो, बापाच्या यंत्रमागावरचे टॉवेल घेणाऱ्या परदेशी गिऱ्हाइकाला मेल लिहा, असलं काही चुकूनही सांगू नका. गड्ड्याच्या, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या जत्रेत परका पाहुणा भेटला तर मिरवणुकीतले उंच नंदीध्वज कसे समजावून सांगाल, हेही नको. पोरं बोलू लागतील. मग चुकतील, हसतील, एकमेकांना सुधारतील आणि फुकटच्या झूमची चाळीस मिनिटं तुमचा धडा न संपताच संपतील. त्यातली निम्मी ‘ॲम आय ऑडिबल?’साठी राखून ठेवलेली असतात, हे विसरू नका.

व्हॉट्सॲपवर मिनिटभराची व्हॉइस नोट मागवणं तर सर्वांत घातक. डेटा थोडाच लागतो, रेंज नसली तरी नंतर पाठवता येते, लाजणारं पोरगंही मनासारखं होईस्तोवर पुन्हा पुन्हा रेकॉर्ड करतं. मग ते तुम्हाला ऐकावं लागतं. त्यापेक्षा बहुपर्यायी प्रश्न बरे, मशीन तपासतं. इंग्रजी बोलण्याची परीक्षा अ, ब, क, ड मध्ये घेण्याची आपली परंपरा जुनी आहे, ती मोडू नका.

शेवटी फीडबॅक फॉर्म. सगळे प्रश्न सक्तीचे ठेवा आणि नाव, रोल नंबर आधी भरून घ्या, म्हणजे पाचाखाली तारे येत नाहीत. ‘एनी सजेशन्स’च्या रकान्यात कुणी मराठीत लांबलचक लिहिलंच, तर ते वाचायची गरज नाही. फॉर्म इंग्रजीत भरायचा होता.