ग्रे लेयर घेतला की डॉज-बर्न झालं? चार दावे, चार उत्तरं

फोटोशॉपमध्ये फोटोचे काही भाग उजळवणं (डॉज) आणि काही गडद करणं (बर्न), याची एक कृती सध्या हातोहात फिरते आहे. नवा लेयर घ्या, ५० टक्के ग्रेने भरा, ब्लेंड मोड (लेयर खालच्या फोटोत कसा मिसळायचा ते ठरवणारी सेटिंग) ओव्हरले करा आणि पांढऱ्या-काळ्या ब्रशने रंगवा. सोबत चार दावे येतात: रंगाला धक्का लागत नाही, जळालेले हायलाइट परत येतात, ८-बिट जेपेगवरही फरक पडत नाही आणि चेक लेयर (दोष ठळक दाखवणारा तात्पुरता लेयर) स्वच्छ दिसला की काम संपलं. कृती ठीक आहे, दाव्यांचं तसं नाही.

‘रंग बदलत नाही.’ बदलतो, आणि त्वचेवर सर्वांत आधी दिसतो. त्वचेचा एक पिक्सेल घ्या (० म्हणजे काळा, २५५ म्हणजे पूर्ण उजळ): लाल २२०, हिरवा १७०, निळा १४०. त्यावर ओव्हरलेमध्ये १०२ इतका ग्रे आला, म्हणजे साधारण बर्न झालं, की आकडे होतात २१३, १५३, ११७. लाल जेमतेम ७ने उतरला, निळा २३ने. लाल आणि निळ्यातलं अंतर ८० वरून ९६ वर गेलं. म्हणून बर्न केलेले गाल भाजल्यासारखे तांबूस दिसतात आणि दोष व्हाइट बॅलन्सवर ढकलला जातो.

यापेक्षा दोन कर्व्ह्ज लेयर (आलेखाच्या रेषेने उजेड कमी-जास्त करणारे) बरे. एकात मधला बिंदू १२८ वरून १५० वर न्या, दुसऱ्यात १०५ वर आणा. दोन्हींचे मास्क कंट्रोल-आयने काळे करा म्हणजे परिणाम झाकला जाईल, मोड ल्युमिनॉसिटी (फक्त उजेड बदलणारा) ठेवा आणि मास्कवर पांढऱ्याने रंगवा. ब्रशची हार्डनेस ०, ओपॅसिटी १००, फ्लो १ ते ३ टक्के. ब्रश डागाएवढा किंवा किंचित लहान हवा. मोठा घेतला तर डाग जातो, पण भोवती फिकट कडं उरतं आणि ते घालवायला पुन्हा बर्न करत बसावं लागतं. ल्युमिनॉसिटीचीही एक खोड आहे: गडद सावली फार उजळली की ती राखेसारखी निस्तेज होते. तेवढ्या भागासाठी वेगळा कर्व्ह्ज लेयर नॉर्मल मोडमध्ये वापरावा.

‘जळालेले हायलाइट परत येतात.’ ओव्हरले आणि सॉफ्ट लाइट, दोन्हींत २५५ वर कितीही काळा फिरवला तरी उत्तर २५५च येतं. सूत्रच तसं आहे. डार्करूममध्ये बर्न करून ढग काढता यायचे, कारण ते निगेटिव्हवर होते. इथे क्लिप झालेल्या, म्हणजे २५५ ला जाऊन अडकलेल्या पिक्सेलमध्ये काढायला काही उरलेलंच नसतं. रॉ फाइल (कॅमेऱ्याची प्रक्रिया न झालेली मूळ फाइल) असेल तर आधी तिथे हायलाइट उतरवा. त्याहून फसवी गोष्ट म्हणजे लाल, हिरवा, निळा यांपैकी एकच चॅनेल क्लिप होणं. कपाळावरच्या चकाकीत लाल २५५ ला अडकलेला असतो. बर्न केलं की हिरवा-निळा उतरतो, लाल हलत नाही आणि तिथे नारिंगी ठिपका उमटतो. अशा जागी बर्न करूच नये. रिकाम्या लेयरवर शेजारच्या त्वचेचा रंग उचलून डार्कन मोडमध्ये ५ ते १० टक्के ओपॅसिटीने हलका हात फिरवावा.

‘८-बिट जेपेग चालतो.’ बारीक पोताच्या भागात खपून जातं. निरभ्र आकाश किंवा स्टुडिओचा सपाट पडदा असेल तर नाही. चॅनेलमागे २५६च पायऱ्या असतात. त्या ताणल्या की पट्ट्या दिसतात. काम सुरू करण्याआधी फाइल १६-बिट करा. गेलेला तपशील त्याने परत येत नाही, पुढचं नुकसान तेवढं टळतं.

‘चेक लेयर स्वच्छ म्हणजे काम पूर्ण.’ सर्वांत जास्त चेहरे या वाक्याने बिघडवले आहेत. चेक लेयर म्हणजे वर ठेवलेला ब्लॅक अँड व्हाइट लेयर आणि त्यावर तीव्र कर्व्ह. हा कर्व्ह एरवी कुणाला दिसणार नाहीत असे फरकही ओरडून दाखवतो. ते सगळे पुसत गेलं की गालाचं हाड, नाकाची बाजू, ओठाखालची सावली हेही ‘डाग’ म्हणून जातात आणि चेहऱ्याची चपाती होते. दुसरा सापळा ब्लॅक अँड व्हाइट लेयरमधल्या लाल स्लायडरचा. तो खाली ओढला की त्वचेवरची लाली काळी दिसते. ती उजळवली तर चेक लेयर साफ होतो, पण लेयर बंद केल्यावर तिथे फिकट गुलाबी चट्टा उरतो. तो दोष रंगाचा होता, उजेडाचा नव्हताच. त्याला ह्यू-सॅच्युरेशन (रंगछटा बदलणारा लेयर) लागतं. म्हणून चेक लेयर दर काही मिनिटांनी बंद करा. विंडो मेनूतल्या अरेंजमधून त्याच फाइलची दुसरी खिडकी उघडून ती ३३ टक्क्यांवर शेजारी ठेवा, काम १०० टक्क्यांवर करा. दूरच्या खिडकीत न दिसणारा डाग बहुधा सोडून द्यावा.

ग्रे लेयर वापरायचाच असेल तर एक ध्यानात ठेवा. त्यावर ब्रशऐवजी डॉज टूल घेतलं, तर त्याच्या रेंज या सेटिंगमधलं ‘हायलाइट्स’ हे फोटोचे हायलाइट नसतात. टूल त्या ग्रेचाच टोन वाचतं, आणि तो मिडटोन असतो. रेंज मिडटोन्सवरच ठेवा.