थ्रॉटल मागे घेतला तरी प्रोपेलर कामात असतो

हौसेने बांधलेल्या छोट्या विमानांबद्दल एक समज बराच फिरतोय: फिक्स्ड-पिच प्रोपेलर (ज्याच्या पात्यांचा कोन बदलता येत नाही) टेकऑफ आणि क्रूझपुरता (मधल्या सरळ उड्डाणापुरता) महत्त्वाचा, उतरताना थ्रॉटल (इंजिनाची शक्ती कमी-जास्त करणारा दांडा) मागेच असतो, मग पिच कितीही असो. विमान न टेकता तरंगत राहिलं तर चूक वैमानिकाची. आणि इंजिन बंद पडल्यावरच्या लँडिंगचा सराव आयडलवर, म्हणजे इंजिन सर्वांत कमी फेऱ्यांवर चालू ठेवून, केला की झालं.

पहिला मुद्दा आकड्यांपुढे टिकत नाही. ८० इंच पिच म्हणजे एका फेऱ्यात ढोबळमानाने २ मीटर पुढे. आयडल ८०० आरपीएम (मिनिटाला ८०० फेरे) असेल तर सेकंदाला २७ मीटर, म्हणजे सुमारे ५३ नॉट. वेग याहून जास्त असेपर्यंत प्रोपेलर ब्रेक लावतो; त्याखाली गेला की ओढायला लागतो. आता फ्लेअर, म्हणजे टेकण्याआधी नाक उचलून वेग कमी करणं, डोळ्यांपुढे आणा. चाकं जमिनीपासून हातभर वर, वेगाचा काटा ५८ वरून ५२ नॉटवर येतोय, आणि नेमका तिथेच ब्रेक सुटतो. आयडल १००० वर ठेवलं तर हीच सीमा ६६ नॉटवर जाते, म्हणजे अख्खा फ्लेअर ओढीतच. लाकडी प्रोपेलर हलका, फ्लायव्हीलसारखा (इंजिनाची गती टिकवणाऱ्या जड चाकासारखा) उपयोग कमी, म्हणून बरेच जण आयडल वाढवून ठेवतात आणि मग धावपट्टी पुरत नाही. ६० इंच पिचला ८०० आरपीएमवर सीमा ४० नॉटच्या आसपास. तो प्रोपेलर टेकेपर्यंत ब्रेकच लावत राहतो. (पात्याच्या आकारानुसार आकडे थोडे हलतील, दिशा बदलणार नाही.)

वैमानिकाची चूक? असू शकते. वेग १० टक्के जास्त तर ऊर्जा २१ टक्के जास्त, हे खरंच आहे. पण वेग बरोबर ठेवूनही तरंगणाऱ्याला दोष देत बसण्याआधी त्याचं आयडल तपासा.

सरावाचं म्हणणं मला सर्वांत धोक्याचं वाटतं. आयडलवरचं इंजिन प्रोपेलर फिरवायला हातभार लावतं. बंद इंजिनाला हवाच फिरवते, त्याने ड्रॅग (हवेचा अडथळा) वाढतो आणि विमान सरावापेक्षा लवकर खाली येतं. प्रोपेलर पूर्ण थांबला तर चित्र पुन्हा बदलतं.

गो-अराउंडचं, म्हणजे उतरणं सोडून पुन्हा वर चढण्याचं, तर कुणी बोलतच नाही. २७०० आरपीएमला १६० अश्वशक्ती देणारं इंजिन जास्त पिचमुळे कमी वेगात २२०० वरच अडलं, तर हाती साधारण १३० उरतात. फ्लॅप (पंखांमागच्या झडपा) खाली, पुढे झाडं, अशा वेळी हा फरक पाठीला जाणवतो.