पाईलमध्ये पाईप घालून फुकट एसी मिळत नाही

जुळे सोलापुरात घर बांधायला काढलेल्या आमच्या दाजींनी हा मेसेज थेट ठेकेदारालाच पाठवला, म्हणून लिहावं लागतंय. मेसेज म्हणतो: पायाच्या पाईलमध्ये (जमिनीत खोल ओतलेल्या काँक्रीटच्या खांबांमध्ये) प्लास्टिकचे पाईप घालून पाणी फिरवा, घर गार राहतं, दहा फुटांखाली जमीन कायम १६ अंश असते, माती कुठलीही चालते, पाईलला काही होत नाही, वीजबिल शून्य.

१६ अंश हा आपल्यापेक्षा थंड देशांतला आकडा. काही मीटर खाली जमीन त्या गावच्या वर्षभराच्या सरासरी तापमानाच्या आसपास असते. सोलापुरात ते साधारण २७ अंश. मे महिन्यातल्या ४२ अंशांपुढे हे गारच, आणि हीट पंप (घरातली उष्णता ओढून जमिनीत सोडणारं यंत्र) जोडला तर साध्या एसीपेक्षा वीज कमी लागू शकते, एवढं मान्य करतो. पण पंप विजेवरच चालतो. बिल शून्य कुठून येणार?

‘माती कुठलीही चालते, पाईलला काही होत नाही’ हे मात्र घातक आहे. आपल्याकडे वर काळी माती, मग मुरूम, खाली काळा दगड. घरातली उष्णता पाण्यातून पाईलमध्ये उतरते, आणि काँक्रीट तापलं की लांबतं. १० मीटरचा पाईल २० अंशांनी तापला आणि मोकळा असला तर २ मिलिमीटर. टोक दगडावर टेकलं असेल तर खाली सरकायला जागाच नाही. पाईल वर रेटतो, आणि जेवढं रेटता येत नाही तेवढा दाब काँक्रीटमध्ये चढतो. स्वित्झर्लंडमध्ये लोझानच्या तंत्रज्ञान संस्थेत चालू बांधकामातला २५.८ मीटरचा पाईल मुद्दाम तापवून पाहिला होता. वर गाळाची माती, तळाशी खडक. तापल्यामुळे आलेला दाब इमारतीच्या वजनामुळे आलेल्या दाबापेक्षा जास्त भरला! आपल्या प्लॉटवर एका कोपऱ्यात पाच फुटांवर दगड लागतो, दुसऱ्यात बारा फुटांवर. प्रत्येक कॉलम वेगळा हलणार, भिंतींना भेगा जाऊ शकतात.

त्यात काळी माती. उष्णतेनं ती सुकते, आकसते, पाईलभोवती फट पडते. पाईलवरची पकड सुटते आणि उष्णता वाहून नेणंही मंदावतं, म्हणजे ज्यासाठी हा खटाटोप केला तेच बंद पडतं.

थंड देशांत हिवाळ्यात तीच उष्णता घर गरम करायला परत काढतात. आपण फक्त ओतत राहणार, जमीन वर्षागणिक तापत जाणार.

आणि पाईल आहेत कुठे? काळ्या मातीत घराला घालतात ते कंदवाले (तळाशी फुगवलेले) पाईल साडेतीन-चार मीटरचे. पाईलच्या मीटरमागे ५० वॅट उष्णता जमिनीत जाते असं धरलं तरी एका पाईलचे होतात जेमतेम २००. एक टनाचा एसी ३५०० वॅट उष्णता ओढतो. एका खोलीला सतरा-अठरा पाईल लागतील.