लाखाचं पेन, सहीपुरती शाई

मोठं शाईपेन घ्यायचं ठरलंय म्हणता? झकास. मग आधी एक गैरसमज डोक्यातून काढून टाका. पेन लिहायला घेतात, हा तो गैरसमज. ज्याला लिहायचं असतं तो आपल्या कोल्हापूरच्या महाद्वार रोडला उभ्या उभ्या दहा रुपयांचं बॉलपेन मागतो, बिलाच्या पाठीवर दोन वेटोळी काढून बघतो आणि चालायला लागतो. तुम्हाला असलं काही करायचं नाही. तुम्हाला निवडायचंय. निवडणं हा पूर्णवेळ उद्योग आहे. नीट केला तर दोन-तीन वर्षं सहज पुरतो आणि तेवढ्या काळात एक ओळसुद्धा लिहावी लागत नाही.

हा उद्योग रात्री करावा. घरातली मंडळी झोपली की मोबाईल घ्यायचा. परदेशातला कुणीतरी दाढीवाला एका काळ्या पेनाशेजारी दुसरं काळं पेन ठेवून त्यांतला फरक सांगत असतो, तो अर्धा-पाऊण तास बघायचा. मधेच बायको कूस बदलून विचारेल, "काय बघताय एवढं?" तर खरं सांगू नका. शेअर मार्केट म्हणा. ते ऐकून ती निदान झोपेल.

आता पहिली कसोटी खिशाची, म्हणजे शर्टाच्या. मोठं पेन साधारण पंधरा सेंटिमीटर लांब आणि चांगलं जाडजूड असतं. शिंप्यानं शिवलेला खिसा त्याच्या वजनानं खाली ओढतो आणि शर्ट एका खांद्यावरून निसटल्यासारखा दिसतो. दिसू द्या. लोकांचं लक्ष तिकडंच जायला हवं. फक्त अंबाबाईच्या उंबऱ्याशी वाकताना खिशावर हात ठेवायची सवय लावून घ्या, नाहीतर तुमच्या आधी पेन पाया पडतं आणि ते निबेवर पडलं तर दुरुस्तीचा खर्च देवीला साकडं घालण्याइतका येतो.

पेन खिशात असताना जेवढं दिसतं, तेवढ्याचेच पैसे असतात हे एकदा मान्य केलं की माँ ब्लाँचं 149 नजरेसमोर येतं. 1952 पासून हे पेन निघतंय. काळं, सिगारसारखं, टोपणाच्या टोकाला पांढरी चांदणी. ही चांदणी म्हणजे कंपनीनं ज्याचं नाव घेतलंय त्या आल्प्समधल्या माँ ब्लाँ डोंगराचं बर्फाच्छादित शिखर. शिखराची उंची निबेवरच कोरलेली असते, 4810. आता त्या डोंगराची अधूनमधून मोजणी होत असते आणि माथ्यावरचं बर्फ कमी-जास्त झालं की आकडा बदलतो. 2023 मध्ये तो 4805.59 मीटर भरला. डोंगर खचला, पेनाची किंमत मात्र एक पैसा उतरली नाही. यावरून टिकाऊ काय ते ओळखा. पेनाचं अंग कशाचं, असं कुणी विचारलं तर 'मौल्यवान रेझिन' म्हणायचं. समोरचा शिरोली एमआयडीसीतला असेल तर तो हातात घेऊन, नखानं टिचकी मारून म्हणेल, "प्लास्टिकच की ओ हे." अशा माणसाशी पेनावर चर्चा करू नये. कारखान्यात आयुष्य गेलेल्यांना सौंदर्यदृष्टी राहत नाही.

तुम्ही वकील असाल तर दुसरा विचारच नको. मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच व्हावं म्हणून कोल्हापूरनं चार दशकं आंदोलनं केली. ते ऑगस्ट 2025 मध्ये सुरू झालं आणि सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्गचे पक्षकार आता आपल्या गावात येतात. सहा जिल्ह्यांचा अशील समोर बसणार म्हटल्यावर टेबलावर 149 पाहिजेच. ते उचलायचं नाही. फीचा आकडा सांगण्याआधी फक्त अर्धा इंच डावीकडं सरकवायचं. उरलेलं काम पेन करतं. वकीलपत्रावर सही कारकुनाच्या बॉलपेननंच होते, पण ती सही होईपर्यंत अशील त्या चांदणीकडंच बघत असतो.

शेतकरी कुटुंबातून आला असाल आणि हिरव्या रंगाचं प्रेम असेल, तर पेलिकनचं एम 1000. अंगावर हिरव्या उभ्या पट्ट्या, क्लिप पेलिकन पक्ष्याच्या चोचीची, आणि निब इतकी मऊ की किंचित दाबली तरी पाय फाकवते. या पेनातून शाई येत नाही, वाहते. पट्ट्यांमधून आत किती शाई उरलीय ते दिसतं, म्हणजे राधानगरी धरणाच्या पातळीवर लक्ष ठेवायची सवय असलेल्या माणसाला करमणूक. सही केली की कागद पंख्याखाली धरावा लागतो. जुलैत तर झेरॉक्सच्या स्वस्त कागदाला स्वतःचीच ओल सुटलेली असते. त्यावर या निबेनं नाव लिहिलं की प्रत्येक अक्षराला बारीक मुळं फुटतात आणि पलीकडच्या पानावर तुमचं नाव उलटं वाचता येतं. यावर उपाय म्हणून जपानी कागदाची वही मागवावी. ती पाचशे-सातशेची येते. ती इतकी सुंदर असते की तिच्यावर लिहायचा धीर होत नाही. हेही चांगलंच.

निबेची जाडी निवडताना लोक उगाच रात्र रात्र जागतात. मराठीत लिहिणाऱ्यानं जाड निब घेतली तर 'महाराष्ट्र' लिहून बघावं. 'ष्ट्र'पाशी पोट भरतं, रेषा एकमेकींत मिसळतात आणि तिथं नुसता काळा गोळा राहतो. म्हणून जाडच घ्या. राज्याचं नाव वाचता आलं नाही तरी सही भारदस्त येते.

आता सोनं. इथं कोल्हापूरकराला कुणी शिकवू नये, गुजरीचा सराफ बाजार आपल्याच गावात आहे. निब चौदा कॅरेटची, अठराची, आणि जपानच्या सेलरची तर एकवीसची. आकडा मोठा तो चांगला, असा सरळ हिशोब ठेवा. त्या सोन्याचं वजन विचारू नका, कारण सराफाच्या काट्यावर ते कानातल्या बारीक डुलांच्या जोडीशीही झगडेल. आणि अजून एक, हे कुणाला बोलू नका: कागदाला सोनं लागतच नाही. टोकाला इरिडियमच्या कुळातल्या कडक धातूचा ठिपका जोडलेला असतो आणि घासतो तो ठिपका. पूर्वीच्या आम्लयुक्त शाईनं स्टीलच्या निबा खाल्ल्या जायच्या, म्हणून सोनं आलं. शाई सुधारली, सोनं गेलं नाही. ते कुठल्या घरातून जातं सांगा.

याच सेलरचं 'किंग ऑफ पेन' नावाप्रमाणं राजाच आहे. दालनात आला की सगळे उठून उभे राहतील असं. फक्त राजाच्या पोटात शाई मावते एक मिलीलीटरपेक्षा कमी, कारण आत बसते ती कंपनीच्या छोट्या पेनातलीच नळी. जुन्या लोकांना हे खटकतं. मला विचाराल तर सहीपुरतं पेन घेणाऱ्याला एवढी शाई म्हणजे सहा महिन्यांचा साठा झाला.

खरोखरच हात सैल सोडायचा असेल तर जपानच्याच पायलट कंपनीच्या नमिकीचं 'एम्परर'. निब 50 नंबरची, म्हणजे छोटी कलथीच. अंग एबोनाइटचं, म्हणजे कडक रबराचं, आणि त्यावर उरुशी, म्हणजे एका झाडाचा चीक, थरावर थर देऊन घोटलेला. हा चीक कोरड्या हवेत वाळत नाही, त्याला दमट हवाच लागते. कोल्हापुरात आपले कपडे जूनपासून सप्टेंबरपर्यंत वाळत नाहीत, पण उरुशी मात्र इथं मस्त वाळली असती. कुणीतरी हा जोडधंदा मनावर घ्यावा. या पेनाची किंमत मी सांगणार नाही. गुंठ्यात विचार करा.

इटलीच्या व्हिस्कोंतीचं 'होमो सेपियन्स' हे चोखंदळांसाठी. एटना ज्वालामुखीचा लाव्हा रेझिनमध्ये मिसळून त्याचं अंग बनतं. काळं, खरखरीत, हाताचा घाम शोषून घेणारं. तुम्ही म्हणाल, लाव्हाच घ्यायचा तर पन्हाळ्याच्या वाटेवर पडलाय की, अख्खा सह्याद्री त्याचाच आहे आणि पायऱ्यांना, जात्याला, पाट्या-वरवंट्याला आपण पिढ्यान् पिढ्या तोच बेसाल्ट वापरतोय. बरोबर आहे. पण त्याला क्लिप नसते. शिवाय इथं एक जुना हिशोब फेडायची संधी आहे. जून 2025 मध्ये इटलीच्याच प्राडा या फॅशन कंपनीनं मिलानमध्ये आपल्या कोल्हापुरीसारखी चप्पल रॅम्पवर चढवली, सुरुवातीला कोल्हापूरचं नावसुद्धा घेतलं नाही. चपलेला 2019 पासून जीआय मानांकन असताना! गाव पेटून उठलं, ते योग्यच झालं. आता त्यांनी आपली चप्पल नेली, आपण त्यांचा दगड आणायचा. चपलेला लाख रुपये म्हणजे लूट असते आणि दगडाला लाख रुपये म्हणजे अभिरुची असते, एवढं फक्त घरी पटवून द्यावं लागेल.

स्वदेशीचा विचार मनात आला तर तो येऊ द्या, त्यालाही महागडी सोय आहे. किंवा होती. 2009 मध्ये माँ ब्लाँनं गांधीजींच्या नावानं पेन काढलं. दांडीयात्रेचे 241 मैल, म्हणून पेनं 241. मैलाला एक. सुताची आठवण म्हणून अंगाभोवती सोन्याची तार, निबेवर काठी घेतलेले गांधीजी, आणि किंमत अकरा लाखांच्या वर. प्रकरण केरळच्या उच्च न्यायालयात गेलं आणि 2010 मध्ये भारतातली विक्री थांबली. नाहीतर आज तुम्हाला साधेपणासुद्धा हप्त्यानं घेता आला असता.

खुद्द गांधीजींचं मत वेगळ्याच पेनाबद्दल नोंदलेलं आहे, ते गोदावरीकाठच्या राजमहेंद्रीचं रत्नम पेन. 1932 मध्ये सुरू झालेलं. बाजारातल्या विदेशी पेनांना हा चांगला पर्याय दिसतो, असं त्यांनी 1935 मध्ये पत्रानं कळवलं. आंध्रात आणि तमिळनाडूत आजही एबोनाइटच्या कांड्या लेथवर कातून हातानं मोठाली पेनं करतात. काही हजारांत येतात. टोपण उघडलं की गंधकाचा हलका वास येतो, ड्रॉपरनं दोन-तीन मिलीलीटर शाई आरामात भरते, आणि पानंच्या पानं लिहिली तरी हात भरून येत नाही. यांच्यापासून सावध राहा. असलं पेन चुकून घरात आलं की माणूस लिहायला लागतो. दोष मात्र एक आहे. शाई तळाला गेली की हाताच्या उबेनं आतली हवा फुगते आणि कागदावर ठिपका पडतो. ही तक्रार चारचौघांत जोरात करा. लाखाचं पेन घ्यायला तेवढं कारण पुष्कळ आहे.

पेन आलं की शाई भरायचा विधी. कॅमलची बाटली आणू नका असं तुम्हाला सगळे सांगतील. शाई चांगली आहे, 1931 पासून दांडेकरांचं घराणं मराठी माणसाची बोटं निळी करतंय. पण एवढ्या पेनात एवढी स्वस्त शाई घातली तर पेनाला काय वाटेल? मोठ्या निबेची गंमत अशी की ती खालच्या जिभेसकट पुरती शाईत बुडाली पाहिजे, नाहीतर पिस्टन हवाच ओढतो. बाटली निम्म्यावर आली की निब बुडत नाही. मग बाटली एका हातानं तिरकी धरायची, दुसऱ्या हातानं पेनाची शेपटी फिरवायची, आणि बाटली टेबलावरून घसरू नये म्हणून तिसऱ्या हातासाठी कुणाला तरी हाक मारायची. शेवटी तीन बुडबुडे येतात, निब वर काढली की तिच्या पोटाला एक टपोरा थेंब लोंबतो, तो जुन्या बनियनच्या तुकड्याला टिपायचा. तोवर मधल्या बोटाचं पेर निळं झालेलं असतं. ते धुऊ नका. हळदीकुंकवासारखं मिरवा... नाही, उपमा राहू द्या, नुसतं मिरवा.

आता हे पेन चालवायचं कुठं? सातबारा डिजिटल सहीचा मिळतो, दस्त नोंदवताना अंगठा टेकवतात, बँक ओटीपी मागते, पोरांच्या शाळेची डायरीसुद्धा ॲपवर गेली. उरल्या दोन जागा. एक, आहेराचं पाकीट. दुसरी, शाळेच्या बक्षीस समारंभातली अभिप्रायवही. प्रमुख पाहुणे म्हणून बोलावणं आलं की तुम्ही सावकाश टोपण फिरवून काढता, मुख्याध्यापक वही दोन्ही हातांनी धरतात, शिपाई टेबल पुसतो, आणि लाख रुपयांच्या निबेतून उतरतं: 'उपक्रम स्तुत्य आहे.' खाली सही. मुख्याध्यापक फुंकर घालतात.

राहता राहिला धोका. पेन दिसलं की मागणारा येतोच. पोस्टात, बँकेत, आरटीओत. "साहेब, जरा पेन द्या की, दोन मिनिटांत देतो." अशांसाठी मागच्या खिशात पाच रुपयांचं बॉलपेन ठेवावंच, पण तो बहाद्दर नेमका मोठ्यावर बोट ठेवतो. "हे न्हाई, त्ये द्या, त्ये भारी लिवत आसंल." नकार देऊ नका, कोल्हापूरचं नाव खराब होतं. एम्परर असेल तर काम सोपं आहे. शांतपणे खिशातून काढायचं, टोपणाचे आटे एकेक करून सोडवायचे, टोपण कुठं ठेवावं याचा विचार करायचा, मग शेपटीकडची कळ फिरवून आतला पडदा उघडायचा, कारण त्याशिवाय शाई खाली उतरत नाही, मग निब तोंडाशी धरून ती उतरतेय का बघायची. हे सगळं जमेस धरून पेन त्याच्या हातात पडेपर्यंत खिडकीतल्या मॅडमनी 'जेवणाची सुट्टी'ची पाटी लावलेली असते.