उलटं झालं का?

वडिलांचं डीटीपीचं दुकान होतं. लग्नपत्रिका, मंडळांची पावतीपुस्तकं, हळदीकुंकवाची निमंत्रणं. दुकान बंद झालं तेव्हा वारसाहक्कानं मला एक स्टेपलर आणि जुन्या फॉण्टांतल्या फायलींनी गच्च भरलेली हार्डडिस्क मिळाली. फाइल नव्या संगणकावर उघडली की ‘चि. सौ. कां.’च्या जागी इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसायचा. कारण त्या फॉण्टांत मराठी अक्षरं इंग्रजीच्या घरात भाड्यानं राहायची. त्यातून पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप केलेली, आणि युनिकोडला, म्हणजे आजच्या सगळ्या संगणकांना कळणाऱ्या अक्षरांच्या पद्धतीला, ती नंतर हवी. म्हणून २०१७ साली मी एक छोटं सॉफ्टवेअर लिहिलं. जुना मजकूर टाका, युनिकोड घेऊन जा. मग चांगुलपणाच्या झटक्यात ते ओपन सोर्स केलं, म्हणजे कोड सगळ्यांना फुकट खुला केला.

ओपन सोर्स म्हणजे पाणपोई. फुकट पाणी पिऊन झालं की माणूस विचारतोच, ‘सरबत नाही का?’

मागण्या येऊ लागल्या. शुद्धलेखनही सुधारून द्या. पत्रिकेत मुहूर्त आपोआप टाका. एकानं पणजोबांच्या मोडी कागदाचा फोटो चिकटवून लिहिलं, ‘उद्यापर्यंत वाचून हवंय, जमिनीची केस आहे.’ मोडीला युनिकोडमध्ये २०१४ साली जागा मिळाली हे खरं, पण जागा मिळणं वेगळं आणि वाचता येणं वेगळं. माझ्या सॉफ्टवेअरला तर फोटो म्हणजे काय हेच ठाऊक नाही.

सगळ्यांना मी एकच उत्तर दिलं. ‘बघू.’

आपल्याकडे ‘नाही’ असं तोंडावर म्हणत नाहीत. वर्गणी मागणाऱ्यांना ‘बघू’, आणि कांदेपोहे खाऊन उठताना ‘कळवतो’. ‘कळवतो’ म्हणजे काय ते निदान मुलीकडच्यांना तरी कळतं. इथे मात्र ‘बघू’ म्हटलं की मागणी यादीत उघडीच राहते आणि आपण झोपायला मोकळे.

तिकडच्या लोकांना हे बरं जमतं. लिनस टोरवाल्ड्सनं २५ ऑगस्ट १९९१ला लिनक्स या आपल्या संगणकप्रणालीची पहिली वर्दी दिली, तेव्हाच लिहून टाकलं की सूचना जरूर करा, पण अमलात आणीनच असं वचन देत नाही. पुढे हसरा चेहरा. वय वर्षं एकवीस! पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेचं तर विचारूच नका. तिच्यात ओळींचे गट कंसांऐवजी समासाच्या मोकळ्या जागेनं पाडतात. कुणी कंसांची मागणी करणार हे ओळखून त्यांनी उत्तर आतच बसवून ठेवलंय. ‘फ्रॉम फ्यूचर इम्पोर्ट ब्रेसेस’ अशी आज्ञा द्या (फ्यूचरच्या मागेपुढे दोन-दोन अधोरेषा), संगणक म्हणतो, ‘नॉट अ चान्स.’ लिनक्सचाच एक अवतार बनवणाऱ्या डेबियनवाल्यांकडे अशा मागण्यांसाठी ‘विशलिस्ट’ नावाचा खणच आहे. गिटहब या कोड ठेवायच्या संकेतस्थळावर नवा प्रकल्प उघडला की ‘वोन्टफिक्स’चं, म्हणजे ‘हे करणार नाही’चं, लेबल आयतंच मिळतं. माझ्याकडेही होतं. लग्नात आलेल्या काचेच्या सेटसारखं, न वापरलेलं.

माझी सबबही तयार असायची. जिम्प या चित्रं सुधारायच्या ओपन सोर्स सॉफ्टवेअरमध्ये मूळ चित्राला धक्का न लावता फिल्टर लावायची सोय लोक वर्षानुवर्षं मागत होते, आणि ती मार्च २०२५मध्ये ३.० आवृत्तीत खरंच आली. मग आपण कुणाची आशा का मोडा?

आशेवरून आठवलं. सांगलीकडचे एक प्रेसवाले होते. त्यांना उलटं हवं होतं, म्हणजे युनिकोडमधून जुन्या फॉण्टात. गिऱ्हाईक मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतं आणि त्यांचं पान लावायचं सॉफ्टवेअर युनिकोड ओळखत नाही. मी ‘बघू’ म्हणालो. दिवाळीत निरोप आला, ‘शुभ दीपावली. उलटं झालं का?’ मग, ‘तिळगूळ घ्या, गोड गोड बोला. उलटं झालं का?’ पाडव्याला गुढीच्या चित्राखाली, ‘उलटं?’ असे तीन वर्षांतले सगळे सण मी त्या एका शब्दाच्या धाकात काढले.

शेवटी एका रविवारी दार लावून बसलो आणि लिहिलं. हे होणार नाही. प्रत्येक फॉण्टाची जोडाक्षरं वेगळी, ‘दऱ्या’तला अर्धा र एकेकानं एकेका कळीवर ठेवलेला, तपासायला माझ्याकडे ते फॉण्ट नाहीत आणि सवडही नाही. कुणाला करायचं असेल तर कोड खुला आहे, मी मदत करीन. ‘वोन्टफिक्स’ लावलं, मागणी बंद केली आणि फोन डब्यांच्या फडताळात ठेवला. आता शिव्या येणार.

शिव्या आल्या नाहीत. उत्तर आलं, ‘आभारी आहे. तीन वर्षं नवीन सॉफ्टवेअर घ्यायचं थांबलो होतो, तुम्ही बघतो म्हणालात म्हणून. पोरगा रोज रात्री सगळं परत टाइप करतोय.’

यापेक्षा शिव्या परवडल्या असत्या.

पुढचे चार रविवार उरलेल्या सहासष्ट मागण्यांना कारणासकट नकार लिहिण्यात गेले. मोडीवाल्यांना मोडी वाचणाऱ्या जाणकाराकडे जायला सांगितलं. ते म्हणाले, केसचा निकाल कधीच लागला. मुहूर्तवाले भांडले. एका मुलीनं मात्र खरंच कोड उचलला आणि एका फॉण्टापुरतं उलटं करून दाखवलं. मी लगेच सांगलीला कळवलं. तोवर त्यांनी नवीन सॉफ्टवेअर घेतलं होतं.

परवा पाडव्याला त्यांचा निरोप आला. ‘नववर्षाच्या शुभेच्छा. या वेळी काही मागणी नाही, सहज.’ मिनिटभरानं दुसरा. ‘म्हणजे एक अगदी छोटंसं होतं.’

मी ‘बघू’ टाइप केलं. पुसलं. आणि त्यांना फोन लावला.